नाव पुसलेल्या सीड्या

२०१९ च्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात चार फूट पाणी आलं. पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांना सकाळी चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतली पोरंपण सांगतील, पण त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि कुणाचाच अंदाज पुरला नाही. कॉम्प्युटर, कॅमेरे, लाईटचे स्टँड आम्ही आदल्या रात्रीच माडीवर चढवले होते. लाकडी कपाटाच्या खालच्या दोन खणांत लग्नाच्या सीड्या होत्या त्या मात्र तशाच राहिल्या, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. (सीड्या म्हणजे बहुतेक डीव्हीड्याच, पण आमच्याकडं सगळ्याला सीडीच म्हणतात, आणि म्हातारी माणसं तर अजूनही ‘लग्नाची कॅसेट’ मागतात.)

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर कपाटाची दारं फुगून अडकलेली, पहार घालून उघडावी लागली. आत गुडघाभर गाळ आणि गाळात सीड्या. दोनशेच्या वर असतील. घमेल्यातनं गच्चीवर नेल्या, एका बादलीत साधं पाणी घेतलं आणि मी आणि दुकानातला पोरगा एकेक धुवायला बसलो. खालची बाजू हातानं हलकेच चोळली की गाळ निघून जायचा आणि खालनं चकचकीत प्लास्टिक निघायचं, ते बघून जिवात जीव यायचा. मग उलटी केली की वरची बाजू पांढरीफट्ट. नवरा-नवरीचा फोटो, नावं, तारीख, कोपऱ्यातला गणपती, सगळं वाहून गेलेलं, कडेला कुठंतरी गुलाबी-निळा ढग तेवढा उरलेला. एकीवर दुसरी सीडी चिकटून बसली होती म्हणून चंद्रकोरीएवढा भाग वाचला होता, त्यात ‘चि. सौ. कां.’ एवढीच अक्षरं होती आणि पुढं नुसता पांढरा रंग.

वाळवून ड्राईव्हमध्ये घातल्या तर बहुतेक सगळ्या चालल्या! सनई सुरू, अक्षता पडतायत, पंगती उठतायत. आत लग्न सुखरूप होतं, पण ते कुणाचं हे सांगणारं बाहेर काहीच नव्हतं, कारण रजिस्टरचापण लगदा झाला होता.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे कोरी सीडी कुठली घ्यावी आणि तिच्यावरचं छापलेलं नाव कसं टिकवावं हा विषय लोकांना आता संपल्यासारखा वाटतो, लॅपटॉपला ड्राईव्हच येत नाहीत, लोक पेनड्राईव्ह मागतात. मी देतोपण पेनड्राईव्ह. पण घरातलं पोरगं गाणी भरायला तोच पेनड्राईव्ह फॉरमॅट मारतं आणि आईबापाचं लग्न गेलं, असं माझ्या गिऱ्हाईकांत एकदा नाही अनेकदा झालंय. एकदा लिहिलेल्या सीडीवर कुणाला चुकूनसुद्धा दुसरं काही भरता येत नाही, हा तिचा गुण मला फार मोठा वाटतो. म्हणून पेनड्राईव्हबरोबर मी अजूनही दोन सीड्या देतो, आणि तिसरी आमच्याकडं ठेवतो.

ही तिसरी ठेवायची सवय कशी लागली ते सांगायला पाहिजे.

२००७ चं लग्न, गडहिंग्लजकडचं. तेव्हा आम्ही मिनीडीव्ही टेपवर शूटिंग करायचो, मिक्सिंग झालं की सीडी काढून द्यायची आणि टेप पुढच्या लग्नाला वापरायची, सगळे असंच करायचे. कोऱ्या सीड्या आम्ही सुट्ट्या घ्यायचो, ज्या स्वस्त मिळतील त्या. २०१२ ला ती नवरी, आता कडेवर पोर, माझ्याकडं आली. म्हणाली, ‘दादा, पप्पा गेले दिवाळीत. कॅसेट लावली तर शेवटी अडकती.’ मी लावून बघितली. हळद, सप्तपदी, जेवणं सगळं नीट, आणि पाठवणी सुरू झाली की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि सगळं थांबायचं. तिला बघायचे होते वडील, आणि वडील होते पाठवणीत. आधी अख्खं लग्न तो माणूस वाढप्यांच्या मागं, मंडपवाल्याच्या मागं धावत होता, कॅमेऱ्यात नीट आलाच नव्हता.

आठवडाभर खटपट केली. चार वेगवेगळे ड्राईव्ह बदलले, कमीत कमी स्पीडला वाचून बघितलं, पुसली, परत लावली. शेवटी सात-आठ सेकंद निघाले, तेपण बिनआवाजाचे. गाडीच्या टपावर ठेवलेला एक हात, अंगठी, पांढऱ्या शर्टाची बाही, आणि एकदाच अर्धवट वळलेला चेहरा. तेवढं मी तिला काढून दिलं. तिनं ते तिथंच तीनदा बघितलं आणि म्हणाली, ‘एवढंच एक होतं ओ दादा.’ टेप माझ्याकडं असती तर... पण टेपवर तोवर आणखी चार लग्नं होऊन गेली होती.

शेवटच का गेला हे मला तेव्हा कळत नव्हतं, मग शोधत बसलो. सीडी असो नाहीतर डीव्हीडी, ती मधनं बाहेर लिहिली जाते, लग्नाची सुरुवात भोकाजवळ आणि शेवट कडेला. आणि खराब व्हायला लागली की बहुतेक वेळा कडेकडनंच लागते. तिथं शाईचा थर (छपाईची नव्हे, आतली शाई, जिच्यात ड्राईव्ह लिखाण करतो) सगळीकडं सारखा बसलेला नसतो, डीव्हीडीचे दोन अर्धे जिथं चिकटवलेले असतात त्या कडेतनंच हवा-ओल आत शिरते, हातपण सगळ्यात जास्त तिथंच लागतो. त्यात आपण १६ एक्सनं, म्हणजे मूळच्या सोळापट वेगानं लिहिलं तर ती मिनिटाला १० हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असते आणि लिखाणाचा पूर्ण वेग कडेजवळच गाठते, म्हणजे सगळ्यात घाईचं लिखाण सगळ्यात कच्च्या जागेवर. म्हणजे पाठवणीच्या जागेवर. तेव्हापासून मी डीव्हीडी भरगच्च भरत नाही, ४.७ जीबीची असली तरी ४ च्या आत थांबतो, मोठं लग्न असलं तर दोन करतो पण कडेला मोकळी जागा सोडतोच. आणि लिहितो ८ एक्सनं. लिहून झालं की व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायचं, त्याशिवाय छपाईला घ्यायचीच नाही. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

आता कोरी कुठली घ्यायची. डब्यावरचं नाव मी शेवटी बघतो. नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याच कारखान्याचा हे या धंद्यात कायमचंच आहे. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर बनवणाऱ्याचा एक कोड आधीच लिहिलेला असतो, इमगबर्नसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी घातली की तो दिसतो. एमसीसी ०३आरजी२० दिसला म्हणजे मित्सुबिशी केमिकलचा, व्हर्बॅटिमच्या चांगल्या डब्यांत तो असायचा. टीवायजी०३ दिसला म्हणजे टाइयो युडेन, म्हणजे १९८८ मध्ये लिहिता येणारी सीडी पहिल्यांदा तयार करणारी जपानी कंपनी. त्यांनी हे काम २०१५ च्या शेवटी बंद केलं. आपल्या देशात ग्रेटर नोएडाला मोझर बेअरचा केवढा मोठा कारखाना होता, गल्लीबोळातल्या दुकानात त्यांची सीडी मिळायची, ती कंपनी २०१८ ला लिलावाच्या वाटेला लागली. व्हर्बॅटिम तैवानच्या सीएमसीनं घेतली. म्हणजे माझ्या पंचवीस वर्षांत नावं तीच राहिली आणि मागचे हात बदलत गेले, म्हणून ‘मी पहिल्यापासून हीच वापरतो’ हे म्हणणं मला पटत नाही. कोडपण खोटा मारलेला माल बाजारात येऊन गेलाय. प्रत्येक डबा नवीन समजून तपासायचा.

मी करतो ते असं: डब्यातली एक काढायची आणि ट्यूबलाईटसमोर धरायची. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर चांदीचा थर विरळ आहे. कडेवरनं नख फिरवायचं, कुठं चीर लागली किंवा गोंद बाहेर आलेला दिसला तर तो डबा परत. मग एक ८ एक्सनं लिहायची आणि तिचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकून, लिहिलेली बाजू वर करून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवायची, तीन-चार आठवडे. ऊन हा आतल्या शाईचा वैरी. आमच्या गच्चीवर काही डब्यांची सीडी पंधरा दिवसांत वाचेनाशी झालीय आणि काहींची महिनाभर तापून तशीच चाललीय, दोन्ही दुकानात एकाच रॅकवर होत्या आणि भावात फरक फक्त चार-पाच रुपयांचा. एका लग्नाला तीन सीड्या धरल्या तरी पंधरा रुपये, आणि तेवढ्यासाठी बाप जातो.

छपाईची बाजू. पूर्वी आम्ही कागदाचे गोल स्टीकर चिकटवायचो. कृपा करून कुणी चिकटवू नका. सीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या पण आतनं वेगळ्या. डीव्हीडीत ०.६ मिलीमीटरचे दोन थर आणि लिखाण मधोमध, सँडविचसारखं. जुन्या ऑडिओ सीडीत मात्र सगळं प्लास्टिक खालच्या बाजूला, लिखाण वरच्या नावाच्या लगेच खाली, मध्ये फक्त वार्निशचा पातळ थर. लोक खालची बाजू जपतात आणि वरची कशीही टाकतात, पण सीडीला खालचा ओरखडा कमी लागतो आणि वरचा जिवावर येतो. पुरात आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या २००२ च्या सात-आठ सीड्या होत्या, स्टीकरवाल्या. कागद भिजून फुगला, कड उचलली गेली, मी अगदी हळू ओढला तर त्याच्याबरोबर चांदी निघून आली, आणि सीडीतनं मला माझी बोटं आरपार दिसायला लागली. त्या भजनात पेटी वाजवणारे आजोबा आता नाहीत. सगळ्या मिळून दोनच अभंग वाचले. डीव्हीडीला स्टीकर लावला तर चांदी निघत नाही, पण कागदाचं वजन एका बाजूला पडलं की ती थरथरत फिरते आणि कागद आकसला की वाकते.

म्हणून पांढरी प्रिंटेबल सीडी आणि ट्रेवाला इंकजेट प्रिंटर. आमच्याकडं एप्सनचा एल८०० आहे, बहुतेक फोटो स्टुडिओत हाच किंवा याचा पुढचा दिसेल. तो चांगला छापतो पण त्याची शाई पाण्यात विरघळणारी, आणि साध्या पांढऱ्या सीडीवरचा थर शाई शोषून घेतो आणि पाणी लागलं की सोडूनपण देतो. ओल्या बोटाची एक खूण पुरते. उन्हाळ्यात घामेजल्या हातानं धरली तरी नवरीच्या गालावर अंगठा उमटतो. पाणी न लागणारी चकचकीत प्रिंटेबल सीडी वेगळी येते, टाइयो युडेनची वॉटरशील्ड नावाची होती. मी एकदा हौसेनं एक डबा आणला होता, महाग पडतो म्हणून परत आणला नाही. पुरातनं निघालेल्या ढिगात त्यातल्या बारा होत्या, रंग थोडे उतरलेले पण बाराच्या बारा नावं वाचता येत होती. बाकीच्या पांढऱ्या आणि मध्ये या बारा, गच्चीवर उन्हात मांडल्यावर लांबनं दिसत होत्या. पुरानंतर मी भावाचा विचार सोडला, जिथनं मिळेल तिथनं पाण्याला टिकणारीच घेतो.

ती नाहीच मिळाली तर वरनं पारदर्शक ॲक्रेलिकचा स्प्रे मारायचा, पण त्याचं तंत्र आहे आणि कोल्हापुरात तर ऋतूपण बघावा लागतो. छापून झाल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्यायची, सावलीत, एकावर एक न ठेवता. मग मधलं पारदर्शक रिंगण झाकायचं, खालच्या बाजूला थेंबही जाऊ द्यायचा नाही (मी डाव्या हाताला एक वाटी पालथी घालून तिच्यावर कागद आणि त्यावर सीडी ठेवतो), आणि हातभर अंतरावरनं पातळ, अगदी पातळ दोन-तीन हात मारायचे, दोन हातांमध्ये वाळायला वेळ द्यायचा. जाड थर दिला तर तो आकसून सीडी वाकवतो. जुलैत मात्र स्प्रे मारायचाच नाही. बाहेर धो धो पाऊस, हवा ओली, मी एका वर्षी घाईनं वीस सीड्या मारल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर दुधासारखी पांढरी साय आली, ओल आत अडकली की असं होतं, ती मग जात नाही. आता पावसाळ्यातली लग्नं नुसती छापून ठेवतो आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की स्प्रे. आणि नवा स्प्रे आणला की आधी कोऱ्या सीडीवर बघायचा, मग लग्नाच्या.

छपाईचं माप तेवढं नीट टाका. काही सीड्यांवर पांढरा थर २३ मिलीमीटरच्या रिंगणापासून सुरू होतो, काहींवर मध्ये बरीच मोकळी जागा असते. सॉफ्टवेअरमध्ये माप चुकलं की शाई नुसत्या प्लास्टिकवर पडते, तिथं ती कधीच वाळत नाही आणि ड्राईव्हच्या पकडीला लागते.

ठेवायचं कसं याबद्दल एनआयएसटी या अमेरिकेतल्या संस्थेनं २००३ ला एक पुस्तिका काढली होती, त्यात जास्त वर्षं ठेवायच्या सीडीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलीय. आमच्या जुलैत ते कुठनं आणायचं? घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, सीड्या उभ्या, प्रत्येक कडक केसमध्ये, आणि सगळं दुसऱ्या मजल्यावर. अल्बमसारखे प्लास्टिकचे मऊ पाऊच टाळा, ओल्या हवेत छापलेली बाजू त्याला चिकटते आणि काढताना निम्मा फोटो पाऊचवर राहतो.

आणि सगळ्यात मधल्या पारदर्शक रिंगणात, जिथं लिखाण नसतं तिथं, सीडीसाठीच्या पक्क्या पेननं एक बारीक नंबर. पूर आला, छपाई गेली, तरी नंबर राहील. नंबराचं रजिस्टर तीन ठिकाणी, एक आमच्या बहिणीकडं कागलला.

हे सगळं पुरानंतरचं शहाणपण. त्या वेळी मात्र दोनशे बिननावाची लग्नं घरात होती, आणि ती ओळखली आमच्या आईनं. मी दिवसभर दुकान साफ करायचो आणि रात्री जेवणं झाली की टीव्हीवर एकेक लावायचो. आई मांडी घालून पुढं बसायची. मला नवरा-नवरी सगळे सारखेच दिसायचे, आणि आई पाच मिनिटांत बोलायची, ‘ही उचगावची न्हवं? मागं ती भगव्या फेट्यातली बघ की, तिची मावशी हाय, आपल्या दळपाच्या गिरणीशेजारी ऱ्हायची.’ फोन लावला की खरंच तेच घर. कधी रुखवतावरनं ओळखायची, कधी वाढप्यावरनं, एकदा तर नुसत्या देवळाच्या पायऱ्यांवरनं गाव सांगितलं. महिनाभर हे चाललं. ती सांगायची, मी वहीत लिहायचो, आणि दुसऱ्या दिवशी नवीन सीडी काढून त्या घरी पोचवायचो. कितीतरी घरांत त्यांची स्वतःची सीडीपण पाण्यात गेली होती, आमची तिसरीच कामाला आली. गडहिंग्लजच्या त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना हे सांगितलं, बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग आईला काय आवडतं ते विचारलं आणि पुढच्या रविवारी घरच्या गुळाची ढेप पाठवली.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा तो स्तंभ आहे ना, त्याच्यावरनं मी रोज जातो. बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला तो याच गावात, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तीपण इथंच. त्या काळातले इथले बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत, रिळं गेली, नावं मात्र सगळ्यांना पाठ. माझ्याकडं नेमकं उलटं झालं होतं, चित्र होतं आणि नाव गेलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसांची रिळं राहिली नाहीत तिथं माझ्या कपाटातली उचगावची पंगत आपोआप कशी राहील, हे त्या स्तंभाजवळ सिग्नलला थांबलो की दरवेळी मनात येतं.

शेवटी तीन उरल्या. आईलाही ओळखता आल्या नाहीत. बहुतेक लांबच्या गावच्या, कुणीतरी ओळखीनं काम दिलेलं. गेल्या वर्षी आई गेली, त्याच्या आधी महिनाभर ती म्हणाली होती, ‘त्या तिघींचं काय केलास रं?’ नवीन तीन सीड्यांवर मी त्या उतरवून घेतल्या, ८ एक्सनं, व्हेरिफाय करून, पाण्याला टिकणाऱ्या चकचकीत सीडीवर. वर छापायला नाव नव्हतं, म्हणून आईनं बघता बघता जे जे बोलून ठेवलं होतं आणि मी वहीत लिहिलं होतं तेच छापलं. पहिलीवर: हिरवा मंडप, दारात फणस, नवऱ्याला दोन भाऊ. दुसरीवर: पावसात लग्न, घागरी घेऊन पाच बायका, कुत्रं मंडपात. तिसरीवर: जात्यावर म्हातारी, तिला दिसत नाही, नवरी तिच्या हाताला धरून बसलीय.

डबा माडीवर आहे. नंबर २०९, २१०, २११.